लॉर्ड थर्लवे यांचा अंगठा

बी. ए. तृतीय वर्ष, पेपर सहावा: स्टुअर्टकालीन इंग्लंड.
पटावर चौतीस, वर्गात सात.
कंधारच्या किल्ल्यावरून येणारा वारा
फुटक्या तावदानातून आत शिरतो
आणि माझ्या पिवळ्या नोट्स चाळतो.
मी त्यांच्यावर डस्टर ठेवतो, सांगायला लागतो.

लॉर्ड ॲम्ब्रोज थर्लवे. जन्म सोळाशे दोन.
बापाकडून तीन गावं, आईकडून तिच्या भावाचं कर्ज.
सव्विसाव्या वर्षी पार्लमेंटात
राजाच्या करांविरुद्ध असा बोलला
की बाहेर लोकांनी टोप्या उडवल्या.
दुसऱ्या वर्षी राजानं किताब दिला.
त्यानंतर करांवर
तो बोलल्याची नोंद नाही.

शिवनंदा गुट्टे 'किताब' लिहून घेते,
खाली दोन रेघा मारते.

पुस्तक एकच आहे आमच्या ग्रंथालयात,
पहिल्या पानावर निजामाच्या वेळचा उर्दू शिक्का.
आत त्याचं चित्र:
गळ्याभोवती भाकरीएवढी लेसची कॉलर,
पायाशी कुत्रं.
कुत्र्याची नजर चित्रकाराकडे नाही,
दाराकडे.

मग युद्ध. राजा एकीकडे, पार्लमेंट दुसरीकडे.
थोरल्या मुलाला त्यानं राजाच्या घोडदळात धाडलं,
धाकट्याला पार्लमेंटच्या.
"भावाभावांत भांडण होतं का सर?" इरफान विचारतो.
नाही रे. विमा होता.
थोरला पडला.
धाकट्याच्या नावावर जमिनी वाचल्या.

आणि मग सोळाशे एकोणपन्नास.
राजावर खटला. न्यायासनावर बसायचं बोलावणं
थर्लवेलाही येतं.
तो कळवतो, उजव्या पायाचा अंगठा सुजलाय,
जमिनीला टेकवत नाही.
तीस जानेवारीला, राजाचं मस्तक उडालं तेव्हा,
तो घरी होता, खिडक्या लावून,
पाय उशीवर

एवढ्यात नगरपालिकेचा भोंगा.
अकरा वाजले. आज हुतात्मा दिन.
तारीख फळ्यावर मीच लिहिली होती सकाळी,
आणि लक्षात आलं नाही.
सातही जण उभे. मीही,
हातात खडू तसाच.

दोन मिनिटं फार मोठी असतात.
शेजारच्या बाबू शिंप्याला रझाकारांनी
फरफटत नेलं त्या रात्री
आमचे आजोबा घरातच होते.
आत्या सांगायची, दाराला अडसर,
अडसराला टेकवून जातं,
आणि बाबू आमच्याच नावानं ओरडत होता.
सकाळी आजोबा म्हणाले, कंबर धरली होती.
पुढं सप्टेंबरात फौजा आल्या तेव्हा
बाजारात पहिला झेंडा त्यांचाच.
कंबर तोवर बरी झाली असावी.
मग कुणीतरी अर्ज लिहिला, दोघांनी
'आमच्यासोबत तुरुंगात होते' म्हणून सह्या दिल्या,
आणि स्वातंत्र्यसैनिकाची पेन्शन सुरू झाली.
त्या पैशांवर मी एम. ए. झालो.
इतिहास घेऊन.

भोंगा पुन्हा वाजतो. बाकं करकरतात.

तर, मी म्हणतो, अकरा वर्षांनी राजपुत्र परतला.
थर्लवेच्या गावात स्वागताची आग
सगळ्यात आधी त्याच्याच अंगणात पेटली.
नव्या राजानं त्याला जंगलखातं दिलं.
अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अंथरुणात, झोपेत गेला.
थडग्यावर लॅटिनमध्ये एक शब्द आहे,
त्याचा अर्थ 'अढळ'.

शिवनंदा हात वर करते.
"सर, त्याचा अंगठा खरंच दुखत होता का?"

पुस्तकात तसं काही नाही, मी म्हणतो.
परीक्षेलाही येत नाही.

ती पेन खाली ठेवत नाही.
बाहेर कुणाची तरी शेळी व्हरांड्यात चढलीय,
शिपाई तिला हाकतोय.
मी फळ्याकडे वळतो
आणि उजव्या पायावरचा भार
हळूच डाव्यावर घेतो.